कब-बुलबुलचे पथक आणि घरची मोठी माणसे

एका खेड्यातील शाळेत कब-बुलबुलचे पथक चार वर्षे छान चालले. मग गुरुजींची बदली झाली. मुलांचे स्कार्फ पेटीत गेले आणि झेंड्याची काठी दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून लागली. हे आम्ही जवळून पाहिले. पंधरा-वीस घरांची मुले पथकात होती, पण एकाही घरचे मोठे माणूस त्यात नव्हते. म्हणून यावेळी मुलांपेक्षा आईबापांशीच बोलायचे ठरवले आहे.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडात वीस-एक मुलांचे पहिले शिबिर भरवले, तेथून स्काऊटिंग सुरू झाले. आपल्या देशात आधी निरनिराळ्या संस्था होत्या. त्या १९५० साली एकत्र येऊन भारत स्काऊट्स झाले आणि १९५१ साली गाईड्सही त्यात आल्या. लहान मुलगे ते कब, लहान मुली त्या बुलबुल. वय साधारण पाच ते दहा. पुढे मुलगा स्काऊट होतो व मुलगी गाईड.

कबांचे सगळे खेळ मोगलीच्या गोष्टीवर बसवलेले आहेत. किपलिंगने ती गोष्ट शिवनीच्या डोंगरात घडवली आहे, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात! कबांच्या पुढाऱ्याला जगभर अकेला म्हणतात. त्या गोष्टीतला अकेला हा लांडग्यांचा म्होरक्या. पेंचच्या जंगलातले हे नाव लंडनच्या मुलांना ठाऊक असावे आणि सौंसरच्या मुलांना नसावे, याची आम्हाला गंमत वाटते.

आता कुटुंबाने काय करायचे? पुष्कळांना वाटते की आपण शिकलेले नाही, आपल्याला काय जमणार. पण मुलांना दोर वळून दाखवणारा आजोबा आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकर भाजून दाखवणारी आई पथकाला हवीच असते. ज्याला पुढारी व्हायचे असेल त्याने प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे. स्काऊट-गाईडचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आपल्या पचमढीलाच आहे. बुलबुलसाठी बाईमाणूसच पाहिजे, तेव्हा नवरा-बायको दोघेही कामाला येतात. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलांबरोबर एकच मोठा माणूस कधी ठेवू नये, नेहमी दोघे असावेत. ओळखीचा असो की मानाचा, नियम सर्वांना सारखा.

मुले तेथे जे शिकतात ते वावरात उपयोगी पडते. गाठींचेच घ्या. वासराच्या गळ्यात सरकती गाठ बांधली आणि त्याने ओढ घेतली की फास आवळतो. ध्रुव गाठ आवळत नाही, म्हणून गळ्याला तीच बरी. विहिरीत पडलेल्या माणसाच्या काखेखालून दोर घालून वर ओढायलाही हीच गाठ. एक दोर जाड व एक बारीक असेल तर जोडायला जुलाहा गाठ. पट्टी बांधायला डॉक्टरी गाठ. ती चपटी बसते, टोचत नाही आणि सहज सुटते.

प्रथमोपचारात मात्र जुन्या माणसांनी आपले जुने शिक्षण थोडे विसरावे. साप चावल्यावर वर घट्ट दोरी बांधा, चिरा द्या, असे एके काळी पुस्तकांतूनही सांगत. आता ते चूक ठरले आहे. दोरीने रक्त अडून हातपाय निकामी होऊ शकतो. रोग्याला धीर द्यावा, चालवू नये. अंगठी, बांगडी, जोडवे काढावे. चावलेला भाग काठीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवावा आणि सरळ दवाखान्यात न्यावे. विषावरची लस तेथेच मिळते. मांत्रिकाकडे गेलेला तास परत येत नाही. पथकातल्या दहा वर्षांच्या पोराला हे पाठ असले, तर त्या घाईत घरात एक तरी शहाणे माणूस असेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते आणि दरवर्षी कितीतरी माणसे जखमी होतात. त्या दिवशी पोरे घरात थांबत नाहीत, हे प्रत्येक आईला माहीत आहे. पथकाने त्याच दिवशी दूर कुठे सहल काढली, तर पोरांना नुसते "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा ते बरे.

वेळेची अडचण खरी आहे. कापूस वेचणी आणि संत्र्याची तोडणी एकाच सुमारास आली की मुलांचेही हात लागतात असे लोक म्हणतात. आठवड्यातला एक तास तरी सोडावा. रविवारी मिस्सा झाल्यावर सभा ठेवली तर कुणाचा खोळंबा होत नाही. पथकात सर्व धर्मांची मुले येतात व प्रार्थनाही सर्वांची होते. वचनात ईश्वराबद्दलचे कर्तव्य पहिले येते, त्यामुळे आपल्या घरांना ते परके वाटू नये.

पथक शाळेतच असावे असे नाही, शाळेबाहेर खुले पथकही काढता येते. नोंदणी स्काऊट-गाईडच्या जिल्हा संघाकडून होते. पांढुर्णा व सौंसर २०२३ साली छिंदवाड्यातून निघून नव्या जिल्ह्यात आले, तेव्हा सध्या कागद कोठे द्यायचे हे आधी शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे. गणवेशासाठी थांबू नका. पहिल्या सभेला चार वाव दोर, एक जुने धोतर पट्ट्या फाडायला, आणि दोन घरची मोठी माणसे एवढे पुरते.