जुनी सुमो-बोलेरो घाटात डुलते? पाटा वाढवण्याआधी हे तपासा

वरंध (ता. महाड) : महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर आजही जुन्या सुमो, बोलेरो, कमांडर गाड्यांवरच भिस्त आहे. रात्री-अपरात्री पेशंट महाडला न्यायचा असो, बाजाराला जायचं असो की भाताची पोती आणायची असोत, हीच गाडी लागते. टाटा सुमो १९९४ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक सुमो आता जुनीच. अशी गाडी वरंध किंवा आंबेनळी घाटाच्या वळणावर डुलायला लागली, की बरेच जण सरळ मागे एक पाटा वाढवून घेतात. इथेच गडबड होते.

पाटा आणि शॉकअप, काम वेगळं

गाडीचं वजन पेलतो तो पाटा किंवा स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग वरखाली नाचते, ते नाचणं थांबवणं आणि टायर रस्त्याला धरून ठेवणं हे शॉकअपचं काम. त्यामुळे शॉकअप गेलेला असताना पाटा वाढवला तर डुलणं जात नाही. उलट गाडी मागून कडक होते. भरलेली असताना बरी वाटते, पण रिकामी परतताना ओल्या वळणावर मागची चाकं उडतात आणि गाडी मागून घसरते. पाटा वाढवून मागची बाजू उंच केली तर गाडीचा तोलही वर जातो.

आधी टायर वाचा

टायरची झीज बरंच काही सांगते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी असते. मधला भाग झिजला तर हवा जास्त. एकच कड खाल्ली तर अलाईनमेंट बिघडलेली असते किंवा बॉल जॉइंट, बुश सैल झालेले असतात. जागोजागी खळगे पडले तर शॉकअपवर संशय घ्यावा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली की टायर बदलायलाच हवा. टायरवरचे चार आकडे पण बघा. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी जुना रबर कडक होऊन पावसात पकड सोडतो.

काम या क्रमाने करा

१) हवा : गाडीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी.

२) शॉकअप : तेल गळतंय का बघा. पुढचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक, दोन-तीनदा नाचली तर शॉकअप संपला. बदलताना एकच नको, पुढची किंवा मागची जोडी बदला.

३) पाटे : तुटलेलं पान, सैल यू-बोल्ट, झिजलेले शॅकल बुश बघा. सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पाटे बसलेले असतील तर कंपनीच्या मापाचेच घ्यावेत. काम झाल्यावर काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

४) बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड : पुढचं चाक उचलून वर-खाली आणि आडवं हलवा. खडखड जाणवली तर गाडी मिस्त्रीकडे न्या. रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, वजन आल्यावर आवळावेत. नाहीतर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

५) अलाईनमेंट : सगळ्यात शेवटी. सैल भाग तसेच ठेवून केलेली अलाईनमेंट टिकत नाही, पैसे वाया जातात.

खालून ऑईल मारताना जपून

पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीला खालून जळकं ऑईल किंवा डिझेल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. पत्र्याला त्याने फायदा होईल, पण ऑईल लागलेला रबर फुगतो, मऊ पडतो. बुशवर आणि ब्रेकवर ते जाऊ देऊ नये. ग्रीस पॉइंट असतील तिथे मात्र वेळेवर ग्रीस भरावं.

टपावरचा बोजा

सगळी कामं चोख केली आणि टपावर पोती रचली, तर गाडी वळणावर झुकणारच. जड सामान खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवावं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे. मनाने केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या वेळीही अडचणीचा ठरू शकतो.

वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवण्याचे आदेश गेल्या काही वर्षांत निघालेले आहेत, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करावी. आणि गाडीचं खालचं काम मे महिन्यातच उरकावं. भर पावसात शॉकअप गेल्याचं कळतं ते वळणावरच, आणि तेव्हा मागे पेशंट बसलेला असू शकतो.