रात्रीचं पाणी, दिवसाची पेंग

झोपेत अडणारा श्वास मोकळा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा मास्क नाकाला काचतो त्याचं काय करायचं, यावर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. शिरड शहापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही.

पत्र लिहिणारे शेतकरी आहेत, पन्नाशीच्या आतले. हळद आणि थोडा ऊस. लाइट रात्रीची असली की पिकाच्या पाण्याची दारं धरायला रात्रीच जावं लागतं. कारभारीण म्हणते, तुम्ही घोरता आणि घोरता घोरता श्वासच थांबतो. संध्याकाळी ओसरीवर टेकलं की पोटऱ्यांत मुंग्या चालल्यासारखं होतं. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं. हळदीच्या हंगामात धुळीनं शिंका येतात, म्हणून मेडिकलवरून आणलेली सर्दीची गोळी. पेंग येते म्हणून दिवसभर चहा, जेवणावर तर हवाच. एवढं करूनही वसमतच्या मोंढ्याला जाताना मोटारसायकलवर डोळा लागलेला. शेवटी विचारलंय : "यातलं नेमकं कशानं होतंय ते सांगा. सगळ्यांवर खर्च करणं झेपणार नाही."

दिवसाची पेंग मोजणारे एपवर्थचे आठ प्रश्नही त्यांनी सोडवून पाठवलेत. बेरीज आली १७. दहाच्या वर गेली की डॉक्टर गाठा असं आपण या सदरात मागे म्हटलं होतं, आणि एकूण गुण असतात २४. सिग्नलला थांबलेल्या गाडीचा प्रश्न त्यांनी खोडून तिथे 'उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकल्यावर' असं लिहिलंय. मरे जॉन्स यांनी १९९१ साली मेलबर्नमध्ये हे प्रश्न बेतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर नसणार, पण बदल मला मान्य आहे. कीर्तनात डुलकी लागते म्हणून मात्र कुणी घाबरून जाऊ नये. त्या आठांत मी सगळ्यात आधी पाहतो तो प्रश्न म्हणजे समोरच्याशी बोलता बोलता झोप लागते का. तिथे त्यांनी दोन गुण दिलेत. हा थकवा नव्हे.

आता 'नेमकं कशानं' याकडे येऊ. रोग एक, औषध एक, असं असतं तर किती बरं झालं असतं. दिवसाची पेंग अनेकदा दोन-तीन विकारांची मिळून असते, आणि ते विकार एकमेकांच्या उपायांवर पोसले जातात. या पत्रातच पाहा. पेंग येते म्हणून चहा. जेवणावरच्या चहातलं टॅनिन भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. लोह कमी पडलं की पायांची ती चुळबुळ वाढते, कारण मेंदूतल्या डोपामिनच्या कामाला लोह लागतं. पाय स्वस्थ बसू देत नाहीत म्हणून झोप उशिरा. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पेंग, आणि पुन्हा चहा. त्यात ती सर्दीची गोळी. जुन्या पिढीतल्या ॲलर्जीच्या गोळ्या गुंगी आणतात हे सगळ्यांना माहीत असतं. पायांची चुळबुळ त्या वाढवतात हे फार थोड्यांना. गोळी सोडावी तर नाक चोंदतं, आणि चोंदलेल्या नाकानं घोरणं वाढतं. झोप लागावी म्हणून कुणी घोटभर घेत असेल तर दारूनं घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्त वेळा अडतो. आमच्या वाचकांनी घोटाचा उल्लेख केलेला नाही. मी सगळ्यांसाठी लिहून ठेवतो.

पायांच्या या त्रासाचं वर्णन थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरनं सतराव्या शतकातच केलं होतं. नीट अभ्यास व्हायला मात्र १९४५ उजाडलं. तो केला स्वीडनच्या एकबोम यांनी. आपल्याकडे अजून 'पाय दाबून दे' एवढ्यावरच भागवतात. ओळखायच्या खुणा साध्या आहेत : स्वस्थ बसल्यावर सुरू होतं, हालचाल केली की कमी होतं, संध्याकाळनंतर वाढतं. गरोदरपणात बऱ्याच बायकांना होतं आणि त्या कुणाला सांगतही नाहीत.

पण या पत्रातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट म्हणजे रात्रीचं पाणी. आज तिच्यावरच जागा खर्च करणार आहे.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. ही हळद आठ-नऊ महिने रानात उभी असते आणि तिला पाणी लागतं. कृषिपंपांना थ्री-फेज वीज आपल्याकडे वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीनं मिळत आली : आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज द्या म्हणून शेतकरी नेते राजू शेट्टींनी २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात महावितरणच्या दारात आंदोलन केलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. उद्देश हाच, दिवसा वीज. जिथे ती पोचली तिथली माणसं रात्री घरी झोपतात. पोचली नाही तिथे बॅटरी, काठी आणि गमबूट. शिवाय रानडुकरांसाठी जागल असतेच.

कारखान्यातल्या रात्रपाळीवर जगभर अभ्यास झालेत, शेतातल्या रात्रपाळीला कुणी पाळीसुद्धा म्हणत नाही. शरीराचं घड्याळ पेशींत कसं चालतं हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. ते घड्याळ सरकतं दिवसाला साधारण तासाभरानं. म्हणजे चार रात्री पाणी दिलं की घड्याळ कुठे थोडं हलायला लागतं, तोवर लाइट पुन्हा दिवसावर येते. ना धड रात्रीची सवय, ना दिवसाची. त्यातही पहाटे तीन ते पाच हा वेळ सगळ्यात वाईट. अंगाचं तापमान तेव्हा सर्वांत खाली असतं आणि मेंदू सर्वांत मंद. ओल्या हातानं स्टार्टरला हात घालायची आणि अंधारात बांधावर पाय टाकायची वेळही नेमकी तीच.

मग जागरण भरून कसं काढायचं? इथे मला वाग्भटांची आठवण येते. आयुर्वेदाचा दिवसा झोपण्याला विरोध आहे हे आपण ऐकलेलं असतं, आणि आजोबा ते नातवाला सुनावतातही. चरकसंहितेतली अपवादांची यादी मात्र आजोबा सांगत नाहीत. उन्हाळ्यात दिवसा झोपायला मुभा आहे; ओझी वाहून, चालून थकलेल्यांना आहे; म्हाताऱ्यांना, लहानांना आहे; आणि रात्री जागलेल्यांनाही आहे. अष्टांगहृदयात वाग्भट तर मापच देतात : जागरण झालं असेल तर जेवढं जागलात त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, न जेवता झोपावं.

निम्मा का, हे मी बरीच वर्षं घोळवतोय. प्रयोगशाळेतही असंच दिसतं की बुडालेली झोप तासाला तास भरून काढावी लागत नाही. रँडी गार्डनर या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलानं १९६३ च्या अखेरीपासून १९६४ च्या सुरुवातीपर्यंत ११ दिवस, २६४ तास, जागून काढले. त्यानंतर पहिल्यांदा तो झोपला तो चौदा तासांहून थोडा अधिक. शरीर आधी गाढ झोप वसूल करतं, आणि ती झोपेच्या पहिल्या काही तासांतच जास्त असते. 'सकाळी' हेही पटण्यासारखं आहे. ऊन चढू लागलं की घड्याळ जागं करायला लागतं, म्हणून दारं मोडून आल्यावर चहा, पेपर, चावडीवरच्या गप्पा यांत दोन तास घालवले की झोपेची संधी गेली. घरी यायचं, हातपाय धुवायचे, अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं, आणि घरच्यांनी मोबाइल बंद करून ठेवायचा. वाग्भटांना नोबेलची साक्ष लागते असं मी म्हणत नाही, पण नियम वापरून बघावा असा आहे. रात्री जायच्या आधी संध्याकाळी तासभर झोप काढता आली तर उत्तमच.

आता खर्चाचं. क्रम लावायचा तर आधी बिनखर्चाचं. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवायचं. सर्दीच्या गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवून गुंगी न आणणारी गोळी मागायची. हळद हाताळताना नाकाला फडकं बांधायचं. कुशीवर झोपायचं. आणि कारभारणीला सांगून श्वास थांबतानाचं मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवायचं. छातीच्या किंवा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना ते दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं.

मग रक्ताची तपासणी, पण नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबायचं नाही. हिमोग्लोबिन चांगलं असूनही साठ्यातलं लोह संपत आलेलं असू शकतं; ते फेरिटिनमध्ये दिसतं. लॅबच्या कागदावर ४० हा आकडा नॉर्मल म्हणून छापून येईल, पण पायांचा हा त्रास असलेल्यांत ७५ पर्यंत असला तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. पुरुषाच्या अंगातलं लोह मुळात का घटलं, जंत आहेत की कुठे रक्त जातंय, हेही त्यांना शोधू द्या. गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. त्याच फेरीत साखर आणि थायरॉइड. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागत असेल तर तेही सांगा. लोक साखरेवर संशय घेतात; श्वास अडण्यानंही असं होतं.

खरा खर्च झोपेच्या तपासणीचा, आणि तो टाळू नका. श्वास तासाला १५ पेक्षा जास्त वेळा अडत असेल तर हे दुखणं रक्तदाबावर आणि हृदयावर जातं. तपासणी आता घरी यंत्र लावूनही करता येते. 'नेमकं कशानं' याचं माझं उत्तर हवंच असेल तर : श्वास, पाय आणि रात्रीचं पाणी या तिन्हींनी, आणि पैसे श्वासावर खर्च करा. पण सीपॅपनं घसा उघडा राहिला आणि रात्रीचं पाणी तसंच चालू राहिलं, तर एपवर्थची बेरीज १७ वरून ११ वर येऊन तिथेच अडेल, आणि यंत्र फुकट गेलं असं म्हणायला सगळे मोकळे.

मोटारसायकलबद्दल मात्र क्रमबिम नाही. तपासणी होईपर्यंत मोंढ्याला एसटीनं जायचं, किंवा लायसन असलेल्या पोराच्या मागं बसायचं. अगदीच निघावं लागलं आणि डोळे जड झाले तर गाडी कडेला घ्यायची, चहा प्यायचा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. चहाचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होऊन जाते. इंग्लंडमध्ये जिम हॉर्न यांनी कॉफी देऊन याच्या चाचण्या घेतल्या आहेत. जेवणावरचा नसला म्हणजे झालं, एवढ्या चहाला माझी हरकत नाही.

ताजा कलम म्हणून त्यांनी विचारलंय, परीक्षेची पोरं जागायला गोळी घेतात ती चालेल का? ती बहुधा मोडाफिनिल. श्वासावरचे उपचार नीट चालू असूनही पेंग उरली तर डॉक्टर ती देतात, आणि चिठ्ठीशिवाय ती विकायची नसते. कुणी दिली तरी घेऊ नका; रक्तदाबाचा त्रास असेल तर तिचं नावही डॉक्टरांनाच काढू द्या.