सागरी खेळ आणि स्थाननिर्णयाचा प्रश्न

नौकानयनावर आधारलेल्या संगणकीय खेळांत, भर समुद्रात असलेल्या खेळाडूस आपले जहाज नेमके कोठे आहे हे नकाशावर दाखवावे की दाखवू नये, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ सोयीचा वाटतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, स्थान दाखविल्याने समुद्राचे समुद्रपण नाहीसे होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, करमणुकीसाठी घटकाभर बसलेल्या माणसास वाट चुकविण्यात काय हशील? दोन्ही पक्ष स्थान ही एक तयार वस्तू मानतात आणि ती खेळाडूच्या हाती द्यावी की त्याच्यापासून दडवावी एवढाच वाद घालतात. परंतु समुद्रावरील स्थान ही तयार वस्तू आहे काय, याचा विचार अगोदर केला पाहिजे.

१. हिशेबाने मिळणारे स्थान

जमिनीवरील वाटसरूला झाड, टेकडी किंवा देवळाचा कळस पाहून आपण कोठे आहोत हे कळते. किनारा दृष्टीआड झाल्यानंतर नाविकापाशी अशी एकही स्थिर खूण उरत नाही. त्याला आपले स्थान हिशेबाने काढावे लागते. ह्या हिशेबाची जुनी रीत तीन गोष्टींवर उभी आहे : होकायंत्राने दाखविलेली दिशा, जहाजाचा वेग आणि गेलेला काळ. वेग मोजण्यासाठी पूर्वी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी एका फळीला बांधून जहाजामागे पाण्यात सोडीत, आणि वाळूचे लहान घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या हे मोजीत. वेगाचे 'नॉट' हे एकक ह्याच गाठींवरून आले. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग साधारणतः एवढाच भरतो.

ह्या रीतीने मिळणारे स्थान किती भरवशाचे असते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ५ नॉट वेगाने चाललेले जहाज २४ तासांत १२० मैल जाते. तेवढ्या अवधीत दिशा ३ अंशांनी चुकली, तर जहाज सुमारे ६ मैल बाजूला जाते. त्यातच अर्ध्या नॉटचा एखादा अज्ञात आडवा प्रवाह असला, तर तो जहाजाला आणखी १२ मैल ढकलतो. म्हणून नाविक नकाशावर बिंदू काढीत असला, तरी त्याच्या मनात त्या बिंदूभोवती शंकेचे एक वर्तुळ असते. प्रवास लांबत जातो तसतसे ते वर्तुळ मोठे होते, आणि दीपगृह, किनारा किंवा आकाशातील ज्योती यांचा दाखला मिळाला म्हणजे पुन्हा आकुंचन पावते.

आकाशाचा दाखला अक्षांशाच्या बाबतीत सुलभ आहे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढीच, थोड्या फरकाने, असते. मुंबईच्या अक्षांशावर ती सुमारे १९ अंश, तर कोचीच्या अक्षांशावर सुमारे १० अंश भरते. अरबी समुद्रावरील नाविक 'कमाल' नावाची छोटी फळी वापरीत. तिच्यातून ओवलेल्या दोरीची गाठ दातांत धरून, फळीची खालची कड क्षितिजावर व वरची कड ताऱ्यावर आणली, की इच्छित बंदराच्या अक्षांशावर आपण आलो किंवा नाही हे त्यांना कळे. रेखांशाचे तसे नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तेव्हा रेखांश काढण्यासाठी एखाद्या ठरलेल्या ठिकाणची अचूक वेळ जहाजावर ठाऊक असावी लागते, आणि घड्याळाची ४ सेकंदांची चूक विषुववृत्तावर एका सागरी मैलाची चूक होते. १७०७ मध्ये इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली. मृतांची संख्या चौदाशे ते दोन हजार सांगितली जाते; आपण कोठे आहोत याविषयीचा अधिकाऱ्यांचा अंदाज चुकला होता. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांश काढण्याच्या उपायासाठी २०,००० पौंडांपर्यंतचे पारितोषिक ठेवले. पुढे जॉन हॅरिसनचे घड्याळ १७६१-६२ च्या जमेका सफरीत ८१ दिवसांत अवघे ५ सेकंद मागे पडले, तेव्हा ह्या प्रश्नाचे उत्तर दृष्टिपथात आले.

एवढ्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. समुद्रावरील स्थान हा एक निष्कर्ष आहे, आणि प्रत्येक निष्कर्षाप्रमाणे त्यालाही पुरावा असतो व चुकीची मर्यादा असते.

२. खेळांतील निरनिराळ्या रीती

खेळ रचणाऱ्यांनी ह्या निष्कर्षाची वाट निरनिराळ्या प्रकारे लावलेली आहे. १९८७ मधील 'सिड मायर्स पायरेट्स!' ह्या खेळाबरोबर कॅरिबियन समुद्राचा कागदी नकाशा मिळे. खेळाडू सूर्याची उंची मोजून अक्षांश काढी. रेखांश मात्र गेलेले दिवस व ओळखीचे किनारे यांवरून ताडावा लागे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील नाविकाचे ज्ञान आणि अज्ञान ही दोन्ही त्या रचनेत यथायोग्य उतरली होती. याउलट २०१३ च्या 'असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग' मध्ये पडद्याच्या कोपऱ्यातील छोटा नकाशा जहाजाचे स्थान दाखवीत राहतो. त्या खेळाचा विषय चाचेगिरी व झुंज हा असल्याने तेथे हे खटकत नाही.

२०१८ च्या 'सी ऑफ थीव्ह्ज' मधील योजना विशेष विचारार्ह आहे. तेथे जहाजाचे स्थान नकाशाच्या मेजावर दिसते. परंतु चौघांच्या मोठ्या जहाजावर ते मेज खालच्या मजल्यावर असल्याने, सुकाणू धरणाऱ्याला ते दिसत नाही. एकाने नकाशा वाचून दिशा सांगावी, दुसऱ्याने होकायंत्र पाहून सुकाणू फिरवावे, असा सहकार त्यातून निर्माण होतो. बेटावर उतरल्यावर हाती असलेला खजिन्याचा नकाशा मात्र खेळाडूचे स्थान दाखवीत नाही. तेथे खडक व झाडे ओळखावी लागतात. म्हणजे एकाच खेळात स्थान दाखविले आहे, दुरून दाखविले आहे आणि दाखविलेलेही नाही. आणि ह्या प्रत्येक रीतीला तिचे स्वतंत्र प्रयोजन आहे.

'व्हर्च्युअल रेगाटा' ह्या आंतरजालावरील शर्यतीत स्थान उघड असते. २०२० च्या व्हाँदे ग्लोब शर्यतीच्या खेळरूपात दहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. तेथे खेळाडूपुढील प्रश्न 'मी कोठे आहे' हा नसून 'उद्याचा वारा कोठून येईल आणि मी कोणता मार्ग धरावा' हा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फुकट दिल्यानेच दुसऱ्याला पुरता वाव मिळतो.

३. यंत्राने दिलेले स्थान आणि विश्वास

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आज प्रत्यक्ष जहाजांवरही उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारी यंत्रे आहेत. मग खेळातच जुन्या अडचणींचा आग्रह का? ह्या आक्षेपाचे उत्तर एका प्रत्यक्ष घटनेत सापडते. जून १९९५ मध्ये 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघाले. बंदर सोडल्यानंतर थोड्याच वेळात उपग्रह-संदेश घेणाऱ्या यंत्राच्या अँटेनाची तार निसटली. यंत्र बंद पडले नाही. ते आपोआप दिशा व वेग यांच्या हिशेबावर चालू लागले आणि पूर्वीसारखेच आकडे दाखवू लागले. हा बदल सांगणारी खूण पडद्यावर होती, पण ती बारीक होती. वारा व प्रवाह ह्या हिशेबात धरलेले नव्हते. चोवीस तासांहून अधिक काळ अधिकाऱ्यांनी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला. स्थान पडताळण्याचे दुसरे यंत्र जहाजावर असूनही त्याच्याशी तुलना केली नाही. वाटेवरचा एक बोया प्रत्यक्ष दिसला नसताना तो दिसल्याचे कप्तानास सांगण्यात आले. कारण यंत्राप्रमाणे तो तेथे असावयासच हवा होता. अखेर पंधराशेंहून अधिक माणसे असलेले ते जहाज नँटकेट बेटाच्या पूर्वेस वाळूवर रुतले, तेव्हा ते अपेक्षित मार्गापासून सुमारे १७ मैल दूर होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

ह्या घटनेतील यंत्र खोटे बोलले असे म्हणता येत नाही. त्याने जुन्या नाविकाप्रमाणेच हिशेबी स्थान काढले. फक्त त्याभोवतीचे शंकेचे वर्तुळ दाखविले नाही. पाहणाऱ्यांनीही ते मनात काढले नाही, कारण तयार बिंदू पाहण्याची सवय जडली, म्हणजे वर्तुळ काढण्याची सवय मोडते. अमेरिकेच्या नौदल प्रबोधिनीने बंद केलेले खगोलीय नौकानयनाचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले, त्यामागेही एकाच साधनावर विसंबण्याची हीच धास्ती होती.

जुनी विद्या आजही माणसाला साधते, याचे प्रत्यंतर गोल्डन ग्लोब शर्यतीने दिले आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' ह्या सागवानी नौकेतून. त्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ पासून पुन्हा भरविण्यात येऊ लागलेल्या शर्यतीत स्पर्धकांना उपग्रहाने स्थान पाहण्यास मनाई आहे. तसे यंत्र मोहोरबंद पेटीत असते आणि ते फक्त संकटकाळी वापरावयाचे असते. भारतीय नौदलातील अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ मध्ये गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नौकेतून तीत उतरले. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात जखमी झाल्याने त्यांना ती शर्यत सोडावी लागली, आणि पुढील शर्यतीत २०२३ मध्ये त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. ह्या शर्यतीतील एक विशेष असा की, घरी बसलेल्या प्रेक्षकांना प्रत्येक नौकेचे स्थान नकाशावर दिसते. दिसत नाही ते केवळ नौकेवरील नाविकाला. म्हणजे तेथे स्थान सर्वथा दडविलेले नाही. ते ज्याने शोधावयाचे त्याच्यापुरते राखून ठेवले आहे.

४. स्थान न दाखविण्याच्या अटी

तथापि, नकाशावरचा बिंदू पुसून टाकला की खेळात नौकानयन अवतरते, असे समजणे भ्रमाचे होईल. पुरावा न देता स्थान दडविले, तर खेळाडूच्या वाट्याला केवळ आंधळेपणा येतो. त्याच्या हाती निदान होकायंत्र, वेग मोजण्याचे साधन, घड्याळ आणि ज्यावर स्वतः रेघ ओढता येईल असा नकाशा हवा. २०२१ मध्ये खेळाडूंच्या हाती आलेल्या 'सेलविंड' ह्या खेळाने हा मार्ग पत्करला आहे. नकाशे, होकायंत्र आणि उंची मोजण्याची साधने यांच्या आधारे खेळाडू बेटांमधून वाट काढतो.

दुसरी अट अशी की, खेळातील समुद्र व आकाश प्रामाणिक असले पाहिजेत. पुष्कळ खेळांत अंतरे आखडलेली असतात आणि काळ वेगाने धावतो. जहाजाचा दाखविलेला वेग, नकाशाचे प्रमाण आणि घड्याळ यांचा मेळ बसत नसेल, तर काळजीपूर्वक केलेला हिशेबही चुकतो. ध्रुवतारा केवळ शोभेसाठी रंगविलेला असेल, तर त्याची उंची मोजून काही निष्पन्न होत नाही. अशा खेळाने स्थान दाखवावे हेच न्याय्य.

तिसरी अट स्पर्धेसंबंधी आहे. अनेक खेळाडू एकाच समुद्रावर असताना स्थान दडविले, तर काही जण खेळाबाहेरील साधनांनी ते काढतात. कॅरिबियन समुद्रावरील 'नेव्हल ॲक्शन' ह्या खेळात असाच अनुभव आला. नकाशावर स्थान नसल्याने खेळाडूंनी ते काढणारी बाह्य साधने तयार केली. परिणामी ज्याला ती ठाऊक होती त्याला बिंदू मिळाला आणि नवख्याला मिळाला नाही. ही विषमता टाळावयाची, तर स्थान काढण्याची रीत खेळातच शिकविली पाहिजे.

अल्प फुरसत असलेल्या खेळाडूचा पक्षही उपेक्षणीय नाही. दिवसभर श्रमलेल्या माणसास अर्धा तास मिळाला आणि तो सारा धुक्यात भटकण्यात गेला, तर समुद्राविषयी आदर न वाढता खेळाविषयी तिटकारा वाढेल. त्याच्यासाठी हिशेब ठेवणारा सहायक नाविक जहाजावर असावा. परंतु त्याने बिंदूऐवजी वर्तुळ दाखवावे. दिवसेंदिवस ते मोठे होत जावे आणि दीपगृह दिसताच लहान व्हावे. एवढ्याने खेळाडूची सोयही होते आणि स्थानाचे खरे स्वरूपही त्याच्यापासून लपत नाही.

५. निष्कर्ष

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, ज्या खेळाचा विषय झुंज, व्यापार किंवा वाऱ्याची निवड हा आहे, त्याने स्थान निःसंकोच दाखवावे. ज्या खेळाचा विषय नौकानयन हा आहे, त्यानेही ते दाखवावे. पण खेळाडूने आपले उत्तर नकाशावर मांडल्यानंतर. प्रवास संपल्यावर खेळाडूने ओढलेली रेघ आणि जहाज खरोखर गेले ती रेघ अशा दोन्ही एकाच नकाशावर ठेवल्या, तर प्रवाह कोठे लागला, दिशा कोठे चुकली आणि आपण अकारण निर्धास्त कोठे झालो, हे त्याला उमगेल. आधी अंदाज आणि मग पडताळा, हा क्रम प्रयोगशाळेत विद्यार्थ्यास शिकविला जातो. 'रॉयल मॅजेस्टी'च्या अधिकाऱ्यांपुढे बिंदू होता, पण हा क्रम सुटला होता.