सफरचंदाची साल, मिरची आणि जुहूची वाळू

सकाळी साडेसहाच्या सुमारास जुहू चौपाटीवर फिरणाऱ्यांत बरेच जण चपला हातात घेऊन चालताना दिसतात. परतताना कारले-जांभळाच्या रसाचा ग्लास. दोन्ही गोष्टी मधुमेहासाठी चांगल्या, असा सार्वत्रिक समज आहे.

असेच एक साठीचे गृहस्थ मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओपीडीत ताप येतो म्हणून आले. मधुमेह बारा वर्षांचा. तीन महिने रोज रस चालू होता आणि साखर बरी दिसल्यामुळे गोळ्या त्यांनी स्वतःच बंद केल्या होत्या. मोजे काढायला सांगितले. उजव्या अंगठ्याखाली जखम, आत पू आणि पू काढल्यावर काचेचा बारीक तुकडा. "पण दुखत नाही हो डॉक्टर," ते म्हणाले. न दुखणे हाच तर त्यांचा आजार होता. साखरेने पायांच्या नसा इतक्या खराब केल्या होत्या की काच रुतल्याचे कळलेच नाही.

साखरेचा आकडा आपण बोटाला सुई टोचून पाहतो. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा मात्र गाजावाजा न करता बिघडत जातात. वनस्पतींबद्दल बोलताना हा फरक विसरला जातो. बिबळा म्हणजे विजयसार, ज्याच्या लाकडाचे पेले प्रदर्शनांत विकले जातात, त्याची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केली होती. ती 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. नव्याने निदान झालेल्या 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, औषध मोजून दिलेले होते, पेल्यातले पाणी नव्हे. आणि बारा वर्षांच्या मधुमेहाने बिघडलेल्या मूत्रपिंडाबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

मग वनस्पतींचा या गुंतागुंतीत उपयोगच नाही का? आहे, आणि तो कदाचित तुमच्या चिठ्ठीवर लिहिलेलाही असेल. 1835 साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा काढला गेला. तो दिल्यावर प्राण्यांच्या लघवीतून साखर जाते, हे 1886 मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवले. मूत्रपिंड गाळलेली साखर पुन्हा रक्तात ओढून घेते. फ्लोरिझिन तो पंप बंद करते. मात्र ते आतड्यातच मोडते आणि जुलाब होतात, म्हणून औषध म्हणून निरुपयोगी. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सांगाडा बदलत नेला आणि शतकाहून अधिक काळाने डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या आल्या. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेले 4,401 रुग्ण होते. कॅनाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाला. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात 2020 मध्ये संपले आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. गोळी सर्वांना चालते असे नाही. लघवीच्या जागी बुरशीचा त्रास होऊ शकतो, आणि उपवासात किंवा आजारपणात ती कधी थांबवायची हे विचारून ठेवावे लागते. पण त्यासाठी सफरचंदाची साल उकळून प्यायची गरज नाही!

दुसरी वनस्पती तर आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच. काही रुग्णांचे पाय बधिर होण्याऐवजी रात्री आग आग होतात, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. मिरचीतले कॅप्सायसिन वेदनेच्या नसांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या कुलपाला नेमके बसते. (हे कुलूप शोधणारे डेव्हिड ज्युलियस 2021 च्या नोबेलचे मानकरी.) सतत चिथावणी मिळाल्यावर त्या नसांची टोके थकतात आणि संदेश पाठवेनाशी होतात. 0.075 टक्क्यांचे मलम काही आठवडे नेमाने लावावे लागते. सुरुवातीला आग वाढते आणि तिथेच अनेकजण सोडून देतात. आठ टक्क्यांची पट्टी अमेरिकेत मधुमेहींच्या पायाच्या वेदनेसाठी 2020 मध्ये मंजूर झाली. दोन्ही वेदनेवरचे उपाय आहेत, गेलेली संवेदना त्यांनी परत येत नाही. जखमेवर मलम लावू नये, आणि घरची मिरची वाटून पायाला तर मुळीच नाही. असा एक पाय मी पाहिला आहे.

रसाबद्दल माझी भीती वेगळी आहे. मूत्रपिंड कमजोर झालेल्याला रोजच्या फळा-भाज्यांच्या रसातले आणि शहाळ्यातले पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. हातगाडीवर तिखटमीठ लावून मिळणारे कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, अशा रुग्णाला न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, प्रसंगी झटकेही आणू शकते. दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाका. 2010 मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एकाचा जीव गेला. आणि गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेपही घेतला. वाद काही असो, काय घेता ते डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावू म्हणून लोक लपवतात, हा दोष आमचाही आहे.

वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदनेची परीक्षा. शेवटच्या तपासणीला दोन मिनिटे लागतात, खर्च जवळजवळ शून्य. तरी ती सर्वांत जास्त राहून जाते.

त्या गृहस्थांचा अंगठा वाचला. जखम भरायला अडीच महिने लागले. रस प्यावा का, असे त्यांनी विचारले तेव्हा कारल्याची भाजी खा म्हटले. ती त्यांना आवडत नाही. फिरायला अजूनही जुहूलाच जातात, पण बंद बूट घालून. गेल्या खेपेला त्यांनी बूट घालण्याआधी आत हात फिरवून दाखवला. शिंपल्याचा एक तुकडा निघाला.