उंबरठ्यावरचे पंच
कायदा आपल्या दारात : भाग 6

सांगवीसारख्या नीरेकाठच्या गावात पोलिसांची गाडी आळीत शिरली, की ती कुणाच्या दारात थांबते याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. थोड्या वेळानं एक शिपाई चौकात येतो आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या दोघांना म्हणतो, ‘‘चला जरा, पंच म्हणून सही लागतीय.’’ ते दोघं चहा तसाच ठेवून उठतात. कशावर सही करायची, हे ते विचारत नाहीत. पोलिसांना नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यांच्या मनात असतं.

गेल्या भागात आपण अटक पाहिली. आजचा विषय घराची झडती, आणि आजचा लेख मी मुख्यतः त्या टपरीवरच्या दोघांसाठी लिहितो आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराची झडती आयुष्यात कधी होणार नाही. पण पंच म्हणून बोलावणं मात्र कुणालाही येऊ शकतं.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. घरझडतीचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला, न्यायालयाचं वॉरंट. दुसरा, वॉरंटाशिवाय, कलम 185 खाली. गुन्ह्याच्या तपासाला लागणारी वस्तू अमुक ठिकाणी आहे आणि वॉरंट आणेपर्यंत अवाजवी उशीर होईल, असं मानायला सबळ कारण असेल तर तपासी अधिकारी स्वतः झडती घेऊ शकतो. पण त्यानं ती कारणं आधी केस डायरीत लिहायची, शक्य तितकं नेमकं काय शोधतो आहे तेही लिहायचं, आणि त्याची प्रत 48 तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. घरमालकानं अर्ज केला तर त्यालाही ती विनामूल्य मिळते. म्हणजे ‘बघू काय सापडतंय’ म्हणून कुणाच्या घरात शिरण्याची मुभा कायद्यानं कुणालाच दिलेली नाही.

झडती कशी घ्यायची, हे कलम 103 मध्ये आहे. त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी साक्षीदार म्हणून हजर हवेत. तिथे कुणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही, तरच बाहेरचे. झडती त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी. घरमालकाला किंवा त्याच्या वतीनं कुणाला तरी हजर राहू द्यायचं. जप्त केलेल्या वस्तूंची आणि त्या कुठे सापडल्या त्या जागांची यादी करायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि एक प्रत घरमालकाला द्यायची. स्त्रीची अंगझडती स्त्रीनंच, मर्यादा पाळून घ्यायची. कलम 105 नं आता भर घातली आहे ती चित्रीकरणाची : झडती आणि जप्ती, यादी आणि सह्यांसकट, शक्यतो मोबाइलवर चित्रित करून विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची.

आपण ज्याला ‘पंचनामा’ म्हणतो, तो शब्द संहितेत कुठेही नाही. तिथे फक्त ‘यादी’ आहे. पंचनामा हा आपल्याकडच्या रूढीचा शब्द, आणि त्यामागे गावानं गावासाठी साक्ष देण्याची जुनी कल्पना आहे. तो कागद एकदा नीट वाचून पाहा. बहुतेक पंचनाम्यांत सुरुवातीलाच एक ओळ असते : पोलिसांनी आणि पंचांनी घरात शिरण्यापूर्वी स्वतःची अंगझडती घरमालकाला देऊ केली. कारण साधं आहे. घरात जे सापडेल ते कुणी बाहेरून खिशात घालून आणलेलं नाही, हे आधी ठरायला हवं. आणि शेवटी असतं : पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे. या दोन ओळींच्या मध्ये एका कुटुंबाचं घर असतं. त्या दोन्ही ओळी खऱ्या असतील तर त्या घराला न्याय मिळतो. पंच दाराबाहेर उभे होते आणि सही मागाहून झाली, तर त्या खोट्या ठरतात.

घराचा हा उंबरठा राज्यघटनेतच लिहून ठेवावा, असं सुचवणारा माणूस आपलाच होता. 1947 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीनं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केलं. त्यात माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारा हक्क मूलभूत हक्कांमध्ये मांडला होता. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती आणली. बाबासाहेबांनी तिला पाठिंबा दिला. ही तरतूद फौजदारी संहितेत आहेच, पण उद्याचं एखादं विधिमंडळ ती काढून टाकू शकेल, म्हणून ती त्याच्या आवाक्याबाहेर ठेवणं बरं, असा त्यांचा मुद्दा होता. तरीही अखेर ती दुरुस्ती फेटाळली गेली.

त्याची किंमत लवकरच कळली. 1954 मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटलं, की घटनाकारांनी झडतीवर खासगीपणाची मर्यादा घातलेली नाही, तेव्हा आम्ही ती ओढूनताणून आणणार नाही. हे मत पुसलं जायला 63 वर्षं लागली. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

मधल्या काळात महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणानं वाट दाखवली होती. एक पोलीस निरीक्षक 1965 मध्ये रात्री गणवेशात एका स्त्रीच्या झोपडीत शिरला होता. ती ‘चांगल्या चालीची’ नाही, तेव्हा तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, असा बचाव झाला. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो झिडकारला : बाई कशीही असो, तिलाही खासगीपणा आहे, वाटेल तेव्हा तिच्या घरात शिरण्याचा हक्क कुणालाही नाही. झोपडीला दार असो वा नुसता पडदा, उंबरठा तोच.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. झडतीत नियम मोडला म्हणून सापडलेली वस्तू आपोआप बाद होत नाही. मुंबईत सापडलेल्या परदेशी छापाच्या सोन्याच्या लगडींच्या सोनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1979 मध्ये हेच सांगितलं : झडती बेकायदा मानली, तरी तेवढ्यानं जप्ती रद्द ठरत नाही; फार तर न्यायालय तो पुरावा अधिक बारकाईनं तपासेल. म्हणून तर पंचांचं महत्त्व वाढतं. झडतीच्या वेळी झालेली चूक नंतर न्यायालयात दुरुस्त होईलच असं नाही. ती जागच्या जागी पाहणारे डोळे त्या दोघांचेच.

तेव्हा पंच म्हणून बोलावणं आलं तर टाळू नका. लेखी आदेश असताना वाजवी कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हाही आहे. पण गेलात तर खोलीत शिरा. कोणती वस्तू कोणत्या फळीवरून, कोणत्या ट्रंकेतून निघाली ते बघा. कागद वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही करू नका. घरच्यांना यादीची प्रत मिळाली का, हे विचारा.

आणि शेवटची गोष्ट कायद्यात नाही, ती मी माझ्याकडून सांगतो. पोलीस शोधत असतात एक वस्तू, पण ट्रंक उघडली की बाहेर सगळंच येतं : गहाण ठेवलेल्या मंगळसूत्राची पावती, सोसायटीची थकबाकीची नोटीस, सुनेच्या औषधांच्या चिठ्ठ्या, कधीकाळचं एखादं पत्र. त्यांचा गुन्ह्याशी काही संबंध नसतो. पोलीस निघून जातात, पण पंच त्याच आळीत राहतात. टपरीवर परतल्यावर चारजण विचारणारच, ‘‘काय सापडलं रे आत?’’

तेव्हा एवढंच सांगा : ‘‘जे सापडलं, ते कागदावर लिहिलंय.’’

(पुढील भागात : मोबाइलची झडती आणि पासवर्ड)