कांद्याचा पापुद्रा आणि विहिरीचं पाणी

कांदा आपण रोज चिरतो, पण तो आतून कशाचा बनलाय, हे कधी बघितलंय का? आम्ही बघितलं. लेकी घरी सूक्ष्मदर्शकाबद्दल सांगायच्या आणि आम्ही नुसत्या 'हो, हो' म्हणायचो. शेवटी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आमच्या गटालाच वर्गात बोलावलं.

यंत्र दोन्ही हातांनी उचलायचं. एक हात दांड्याला, एक बुडाखाली. खालचा आरसा उजेडाकडे वळवायचा, पण थेट सूर्याकडे कधीच नाही. डोळ्याला इजा होते. मुलींनी कांद्याच्या पाकळीचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला. त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि बुडबुडा राहू नये म्हणून वरची पातळ काच तिरकी धरून अलगद टेकवली. आधी कमी ताकदीचं भिंग लावायचं. बाजूने बघत ते काचपट्टीजवळ न्यायचं, मग डोळा लावून हळूहळू वर घ्यायचं. म्हणजे काच फुटत नाही. वरचं भिंग १० पट, खालचं १० पट, म्हणून वस्तू १०० पट मोठी दिसते.

आणि दिसलं काय? विटांची भिंत! एकेक वीट म्हणजे एक पेशी. आत गडद ठिपका, ते तिचं केंद्रक.

मग एकीने विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवला. काहीच हललं नाही. "म्हणजे आपलं पाणी चांगलं!" ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "ताई, इथेच फसगत होते. कॉलऱ्याचे जंतू फार बारीक. या यंत्रातून, एका थेंबात ते सापडतीलच असं नाही. पाण्याची खात्री प्रयोगशाळेतच होते."

म्हणून आम्ही ठरवलं, पाण्याचा नमुना तपासायला द्यायचा आणि पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्यायचं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. हॉलंडमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने १६७४ साली स्वतः घासलेल्या भिंगातून तळ्याच्या पाण्यातले बारीक जीव बघितले. तो कॉलेजात शिकलेला नव्हता. त्याच्याकडे भिंग होतं आणि बघायची हौस होती.

तेव्हा आज लेकीला एवढंच विचारा, "यंत्राला तू स्वतः हात लावलास का गं?" नाही म्हणाली, तर शाळेत जाऊन बाईंशी बोला. कपाटात ठेवलेल्या यंत्रातून कुणालाच काही दिसत नाही.