आधी मिनिटभर मीटरसमोर उभे राहा

स्मार्ट मीटर बसला आणि बिल फुगलं, ही तक्रार सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर जोरात आहे. मोर्चे निघाले, खुलासेही झाले. तो वाद इथे पुन्हा उगाळत नाही. नवल याचं वाटतं की, विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचं सूत्र शाळेत घोकलेले आपण मीटर पळतो की नाही हे स्वतः पडताळत का नाही?

गीझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं छापलेलं असतं. २००० ला २३० ने भागा, धारा मिळाली ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागा, कॉइलचा रोध आला सुमारे साडेसव्वीस ओहम. आता संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं, तर? कॉइल तीच, रोधही जवळपास तोच. धारा साडेसात अँपिअरवर उतरते आणि पॉवर थेट १५१२ वॅटवर. व्होल्टेज घटलं १३ टक्के, पॉवर घटली २४ टक्के, कारण व्होल्टेजबरोबर धाराही पडली. म्हणून बिल कमी येईल असं मात्र समजू नका. पाणी तापायला तेवढा जास्त वेळ लागतो आणि युनिटं जवळपास तेवढीच पडतात.

ज्या जॉर्ज ओहमचं हे सूत्र, तो कोलोनमधला शाळामास्तर. त्या काळच्या बॅटरीची धारा मोजता मोजताच ढासळायची. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. धारा स्थिर झाली. मग वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून त्याने १८२६ मध्ये आकडे टिपले. पुढच्या वर्षी पुस्तक आलं, जर्मनीत त्याचं थंडं स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. आपल्याकडे कित्येक प्रयोगवह्यांत उत्तर आधी ठरतं आणि वाचन मागाहून भरलं जातं. ओहमचं कौतुक जास्त वाटतं ते यामुळेच.

सूत्र सगळीकडे सरळ चालत नाही, हेही खरं. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो. थंड असताना मल्टिमीटरवर मात्र चाळीसच्या आसपास दाखवतो. पंखा किंवा पंप असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत, तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो. म्हणून पडताळ्याला गीझरच बरा.

मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते लिहिलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा, गीझर तापता ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. २३० व्होल्टला मिनिटात सुमारे १०७ वेळा दिवा लुकलुकायला हवा, २०० ला ८१ आणि २४० ला ११६. व्होल्टेजचा आकडा बहुतेक स्मार्ट मीटरच्या पडद्यावरच दिसतो. पाच-सात टक्क्यांचा फरक गीझरच्या कॉइलमुळेही पडतो, त्यावरून भांडायला जाऊ नका. पण ८१ च्या जागी १२० येत असतील, तर ग्रुपवर मीटरचा फोटो टाकत बसण्यापेक्षा हे आकडे लिहून मीटर तपासणीचा अर्ज करा आणि पोच घ्या.